पेडगावात नसलेले पेडगावकर

सेलू, १२ नोव्हेंबर १९८३

आश्रुबा सर,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे बाजूला सारणार, म्हणून आधीच सांगते की यात 'वेचणी'चा अंक नाही. मी अंक पाठवते, तुम्ही न फोडता परत करता, आणि आमचा पोस्टमन आता मला बघितलं की हसतो. त्याला एकदाचं पाठवणाऱ्याचा हट्ट मोठा की घेणाऱ्याचा, एवढंच बघायचं असावं.

सेलू सोडताना स्टेशनवर तुम्ही म्हणाला होता, "मॅडम, तुमच्या पेडगावकरांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं तरच मला लिहा." उत्तर आलेलं नाही. तरी लिहिते आहे, कारण ज्या माणसाला आपण इतकी वर्षं शोधलं तो का सापडला नाही ते मला परवा स्वयंपाकघरात कळलं. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

रागात माणूस चांगलं आधी विसरतो, म्हणून थोडी आठवण करून देते. शाळेच्या सायक्लोस्टाईल मशीनवर आपण दोघांनी 'वेचणी' सुरू केलं. स्टेन्सिल तुम्ही कापायचात आणि शाई माझ्या पदराला लागायची. अख्खा अंक एकाच लेखकाचा, ध. पेडगावकरांचा. 'तिसरी वेचणी' आणि 'कुपाटीपल्याड' या दोन कादंबऱ्या लिहून हा माणूस कुठं दडला होता कोण जाणे. फोटो नाही, सत्काराला हजेरी नाही. पुण्याच्या प्रकाशकांकडंही पत्ता नव्हता, पाकिटावर नुसता जिंतूरच्या टपालाचा शिक्का. आपल्या वाचक मंडळानं जिंतूर पालथं घातलं आणि पेडगाव तर सुपात घालून पाखडलं. 'ध.' म्हणजे काय, याची आपण स्पर्धा घेतली होती. धनंजय, धर्मराज, धोंडिराम. धोंडिरामावर तुम्ही किती अडून बसला होतात!

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नावावरून गावोगावच्या वस्त्या जळाल्या, त्यात तुमच्या आईचं घर गेलं. त्याच आठवड्यात तुम्ही 'पेडगावकर, तुम्ही गप्प का?' हे जाहीर पत्र लिहिलंत आणि मी ते पहिल्या पानावर छापलं. निम्मं मंडळ सोडून गेलं. गेले तर गेले. पण पेडगावकरांचं उत्तर आलं नाही. कुपाटीपल्याडच्या, गावकुसाबाहेरच्या माणसांवर पुस्तक लिहून नाव मिळवणारा त्यांची घरं जळताना तोंड शिवून बसतो, तो भेकड आहे, असं म्हणून तुम्ही लेखकही सोडला, 'वेचणी'ही सोडलं आणि मलाही.

भेकड हा शब्द मला तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. पण तो गप्प का, हा प्रश्न मला तुमच्याइतकाच छळतो.

तर परवाची गोष्ट. माझ्या सासूबाई सरजाबाई अंगणातून ओरडल्या, "अगं ये बोरीकरणी, दूध उतू चाललंय की!" मी या घरात सून म्हणून आल्यापासून हीच हाक ऐकते. माझं माहेर बोरी, म्हणून मी बोरीकरीण. शेजारची जिंतूरकरीण, पलीकडची मानवतकरीण. आणि दूध खाली उतरवताना माझ्या डोक्यात आलं, बोरीत मला बोरीकरीण कोण म्हणतं? कोणीच नाही. तिथं मी कोकी. गावाचं नाव चिकटतं ते गाव सोडल्यावर.

सर, पेडगावात पेडगावकर कसा सापडेल?

यजमानांना सांगितलं तर ते जेवता जेवता म्हणाले, "मग गाव सोडून गेलेले बाप्येबी पेडगावकरच की." बरोबर आहे. पण मी दोन्ही कादंबऱ्या पुन्हा काढून बसले आहे आणि एक गोष्ट दिसते आहे. दोन्हींत बाजार आहे, पण बाजारात कोणी चालत नाही. बाजार लांबून ऐकू येतो आणि पिशवीतून घरी येतो. शेत माडीवरून दिसतं. कापूस घरात आल्यावरच त्याचा वास येतो. याला तुम्ही लेखात 'अलिप्त शैली' म्हटलं होतं आणि मी त्याखाली रेघ ओढली होती. आता मला वाटतं, त्यात शैली कसली? ज्याला बाहेर जाताच येत नाही, त्यानं लिहिलंय हे.

पुढचं कळलं तर लिहीन. हे पत्रही परत करायचं असेल तर निदान फोडून करा.

कोकिळा


सेलू, १९ जानेवारी १९८४

आश्रुबा सर,

पत्र परत आलं नाही. मी एवढ्यावरही खूश आहे.

संक्रांतीला पेडगावला जाऊन आले. मंडळातले बाप्ये तिथं जायचे ते पारावर बसून चौकशी करायचे, आणि पारावर काय कळणार? गावातून निघून गेलेल्या लेकींचा हिशेब पारावर नसतो. मी तिळगूळ घेऊन घरोघर हिंडले आणि म्हाताऱ्या बायकांना एकच विचारलं, जुन्या काळात इथली शिकलेली लेक लांब कुठं दिली होती का?

बऱ्याच जणी हसल्या. निजामाच्या राज्यात पोरी कुठल्या शिकायला? पण सगुणाबाई म्हणून एक म्हातारी आहेत, त्यांनी दात नसलेल्या तोंडात तिळगूळ घोळवत सांगितलं.

"एक व्हती. धुरपता. मास्तराची लेक. बापानं घरीच शिकविली. लय वाचायची, चुलीपाशी बी वाचायची, भाकर करपायची तिची."

"मग कुठं दिली?"

"जिंतुराकडं, देशमुखाच्या घरात. मोठं घर, गोषा पाळनारं. लगीन झालं तवा बैलगाडीला चहूकडून पडदा बांधून नेली. पुन्हा काय दिसली न्हाई माय."

धुरपता. ध. मी त्यांच्या ओट्यावर बसल्या बसल्या एवढ्या मोठ्यानं हसले की त्यांना वाटलं मला तिळगुळाचा ठसका लागला. तुमचा धोंडिराम आठवत होता ना!

गोषा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरांतल्या बायका नदीवर जात नाहीत, देवळात जात नाहीत, दारात परका पुरुष असला तर आवाजही काढत नाहीत. आपण अंकांत लिहीत बसलो की पेडगावकर प्रसिद्धीला विटलेले आहेत, एकांत त्यांनी स्वतः निवडला आहे. मी तर त्यांना ऋषी म्हटलं होतं. आणि ही बाई असेल तर तिला नुसतं दाराबाहेर पडू दिलेलं नाही!

गावाचं नाव मी या पत्रांत लिहिणार नाही. पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि त्या घराला अजून काही माहीत नसणार. त्या घरातली धाकटी सून माझी विद्यार्थिनी निघाली आहे. चैत्राचं हळदीकुंकू तिच्याकडं असतं. मला राहवत नाही, सर. चैत्र यायला अजून किती अवकाश आहे!

कोकिळा


सेलू, १५ एप्रिल १९८४

आश्रुबा सर,

हे पत्र बसून वाचा.

काल गेले होते. यजमान बाहेर ओट्यावर बसले आणि मी आत गेले. घरातला थोरला मुलगा फार आदबीचा माणूस, मला "या ताई" म्हणाला, स्वतः चहाची कपबशी पुढं केली, सेलूच्या जिनिंगमधल्या कापसाच्या भावाची चौकशी केली. आत चैत्रगौर मांडलेली, पन्हं, कैरीची डाळ, पंधरावीस बायका. सासूबाई कुठं आहेत विचारलं तर सून म्हणाली, मागच्या अंगणात. तीन वर्षांपूर्वी देशमुख वारले. विधवेनं हळदीकुंकवात बसायचं नाही, म्हणून त्या ज्वारी निवडत मागं बसलेल्या.

पंचावन्नच्या असतील. बारीक अंगाच्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. अंगणाला काट्यांचं कुंपण, म्हणजे कुपाटी. मी शेजारी बसून ज्वारीत हात घातला आणि म्हटलं, "तुम्ही पेडगावच्या ना? पेडगावच्या एका माणसाचं पुस्तक आहे माझ्याकडं."

"कोनतं?" त्यांनी वर बघितलं नाही.

"कुपाटीपल्याड."

"बरं हाय का?"

मला काय बुद्धी झाली देव जाणे. इतकी वर्षं एखाद्या लेखकाला भेटायची वाट पाहावी आणि भेटल्यावर मी काय म्हटलं, तर, "चांगलं आहे. शेवट मात्र घाईत उरकलाय."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "घाईत न्हाई उरकला. तानु बाजाराला निघाली व्हती, तिच्यासंगं द्यायचं व्हतं."

मग त्यांचा हात तोंडावर गेला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो, आणि आधी त्या हसल्या. मला मात्र रडू आलं, सांगायला लाजत नाही.

तानु म्हणजे तानुबाई, तुमच्या वस्तीतल्यासारख्याच त्या गावच्या वस्तीतल्या. गोठ्यातलं शेण काढायला त्या रोज मागच्या बाजूला यायच्या. कुपाटीच्या आत धुरपताबाई बसायच्या, बाहेर त्या, आणि या लिहिलेलं वाचून दाखवायच्या. तानुबाई मधेच म्हणायच्या, "असं बोलत न्हाई आमच्यात," की या खोडून नवीन लिहायच्या. आपण ज्या संवादांवर पानंच्या पानं लिहिली, ते असे झालेले आहेत. पुस्तक पुरं झालं की पानांचं पुडकं बांधून या कुपाटीवरून वरच्या वर टाकायच्या आणि तानुबाई पदरात झेलायच्या. शिवाशिव होऊ नये म्हणून. मग बाजाराच्या दिवशी तानुबाई जिंतूरला चालत जाऊन टपालात टाकायच्या.

छापलेलं पुस्तक हाती कसं आलं विचारलं तर डोळे मिचकावून म्हणाल्या, "देशमुखांनीच आनलं परभनीहून. म्हनाले, तुझ्या माहेरचा कोनीतरी लिहितो म्हनं, वाच. मी म्हनलं, आसंल कोनी."

'वेचणी'चं त्यांना काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? मी तुमचं जाहीर पत्र पिशवीत घालून नेलं होतं. त्यांनी ते चष्मा सावरून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे कवा छापलं?"

"अठ्ठ्याहत्तरला."

"मला कोन आनून देनार व्हतं, बाई? आनून देनारीचंच घर जळालं."

सर, हे तुमच्या पत्राचं उत्तर. तुम्ही विचारलं होतं म्हणून जसंच्या तसं कळवते आहे. पण एवढंच नाही. आतून त्यांनी एक पुडकं आणलं. तिसरी कादंबरी. त्या वर्षाचीच. "त्या सांजेला आमच्या घरातून राकेलचा डबा गेला. मी माडीवरून बघितला. आरडले तर देशमुखांनी खोलीची कडी लावली भाईरून. मग मला जे येतं ते केलं, लिहून काढलं."

मी म्हटलं, द्या मला, उद्याच पुण्याला पाठवते. माझे हात पुढं झालेसुद्धा होते. त्यांनी पुडकं मांडीखाली घेतलं.

"तानुच्या घराची गोष्ट हाय ही. तिनं ऐकल्याबिगर भाईर जानार न्हाई. ती औरंगाबादला गेली म्हनतात लेकाकडं. तिला म्हनावं, येऊन घेऊन जा."

दोन पुस्तकं झाली त्याच रीतीनं तिसरं व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला हळहळ वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. पण त्यांना हलवता येणार नाही हे कळत होतं.

तुम्ही औरंगाबादला आहात. तानुबाईंना शोधाल का?

कोकिळा


सेलू, ३० जून १९८४

आश्रुबा सर,

अडीच महिने झाले. शाळा सुरू झाली, तरी तुमचं उत्तर नाही.

मला तुमचा राग कळतो असं मी म्हणणार नाही. माझं घर जळलेलं नाही, मला तो कळायचा तेवढाच कळतो. पण तुम्हीच जाहीर विचारलं होतं, गप्प का? उत्तर आलं. आता ते वाचून तुम्ही गप्प. असं असेल तर तुमच्यात आणि तुम्ही ज्याला भेकड म्हणत होता त्या धोंडिरामात फरक काय?

हे वाक्य खोडावंसं वाटलं होतं. नाही खोडत.

पुडकं ज्वारीच्या उतरंडीत आहे. घरात थोरल्या मुलाला कुणकुण लागली तर चुलीत जायला वेळ लागणार नाही. मला 'वेचणी'त बातमी छापायची खाज नाही. एक अक्षर छापलेलं नाही मी, मंडळात कोणाला सांगितलेलं नाही. मला ते पुस्तक वाचायचं आहे, आणि त्या बाईनं त्या सांजेला काय पाहिलं ते गावानं वाचायला हवं आहे. बस.

कोकिळा


सेलू, २२ ऑगस्ट १९८४

आश्रुबा सर,

तुमचं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली नमस्कार नाही, आणि तरी ते मी यजमानांना, सासूबाईंना आणि त्या पोस्टमनला दाखवलं. (मजकुरावर अंगठा ठेवून.)

तानुबाई तुमच्या कचेरीपासून सायकलच्या अंतरावर राहतात आणि तुम्ही माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंत, हे वाचून मी खुर्चीत बसले. त्यांचा निरोप तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहिलात म्हणून तुमचे उपकार :

"त्या गावात म्या पाय ठेवनार न्हाई. तिला म्हनावं, तुला गरज आसंल तर तू ये. आन् वरून टाकायचं न्हाई आता. म्या पदर पसरनार न्हाई. हातात दे म्हनावं."

खाली तुम्ही लिहिलंय, 'मी तानुबाईंच्या बाजूचा आहे.' मीही आहे, सर. पण ज्या बाईनं लग्नानंतर स्वतःच्या गावची वेससुद्धा पाहिली नाही, तिला मी हे कसं सांगायचं? नवरात्रात त्या घरी जायचं निमित्त आहे, तेव्हा सांगेन.

तोवर एक विचारते. तुमच्या आई कशा आहेत? हे खरं म्हणजे मी पहिल्या पत्रात विचारायला हवं होतं.

कोकिळा


सेलू, ३ ऑक्टोबर १९८४

आश्रुबा सर,

आईंना गुडघ्याला करडीचं तेल कोमट करून लावा. तुम्ही दोन ओळी जास्त लिहिल्यात, त्याबद्दल काही बोलत नाही, नाहीतर पुन्हा बंद कराल.

निरोप सांगितला. धुरपताबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

"एवढी वर्सं ती कुपाटीशी आली. माझं पोर तापानं फणफणलं तवा पाला बी तिनंच आनून दिला. पन माझा हात तिला कधी लागला न्हाई," त्या म्हणाल्या. "हे मी कुठं लिवलंबी न्हाई. दोन पुस्तकं लिवली तिच्यावर."

मी म्हटलं, आता तुम्हाला कोण अडवतं? देशमुख नाहीत. मुलं आता गोषाचं काही म्हणत नाहीत, सुना तर परभणीला सिनेमाला जातात.

"कोनी न्हाई अडवत. पाय आपसुक थांबतो उंबऱ्याशी. तुमी बैल बघितलाय का, दावं सोडलं तरी खुंट्यापाशी हुबा ऱ्हातो तसा?"

मग एकदम विचारलं, "यष्टीत बाया कुठं बसत्यात?"

सर, मी त्यांना बसायच्या जागा, तिकीट, कंडक्टर, सगळं सांगितलं. एखाद्या मुलीला शाळेत घालताना सांगावं तसं. त्या एकेक प्रश्न विचारत होत्या, खिडकीला गज असतात का, गाडी थांबली की सगळेच उतरतात का, शेजारी बाप्या येऊन बसला तर काय करायचं. या बाईला किती काय काय माहीत करून घ्यायचं आहे!

दिवाळीनंतर माहेरी जाते असं घरात सांगणार आहेत. थोरला म्हणाला, जीप काढतो. या म्हणाल्या, "कोकिळाबाई हायेत संगं, यष्टीनं जाते." तो हसला, म्हणाला, आईला म्हातारपणी हौस आलीय. मला पुन्हा चहा दिला.

येतील की नाही, मला खात्री नाही. उंबऱ्याशी पाय थांबला तर मी ओढणार नाही. कळवते.

कोकिळा


सेलू, १२ डिसेंबर १९८४

आश्रुबा सर,

तुम्ही आम्हाला औरंगाबादच्या स्टँडवर घ्यायला आलात, तानुबाईंच्या दारापर्यंत सोडलंत आणि कचेरीतली जेवणाची सुट्टी संपली म्हणून सायकल वळवलीत. कचेरीचं निमित्त होतं, हे मला कळलं. तुम्हाला आत यायचं नव्हतं. पण प्रश्न तुमचा होता, तेव्हा आत काय झालं ते तुम्हाला पूर्ण कळलं पाहिजे. मी काही गाळत नाही.

आधी प्रवास सांगते. उंबऱ्याशी त्या थांबल्या खऱ्या. मी पुढं होऊन रस्त्यावर उभी राहिले आणि मागं बघितलं नाही. मग पावलं ऐकू आली. गाडीत खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर, पदर डोळ्यांपर्यंत. जिंतूरला नेमका बाजाराचा दिवस. गाडी गर्दीतून मुंगीच्या पावलानं निघाली आणि त्यांचा पदर हळूहळू मागं सरकत गेला. मिरच्यांचे ढीग, बांगड्यावाले, बैलांच्या घुंगरमाळा, सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आगं माय, एवढा मोठा आसतो? मी लय बारका लिवला." आणि पार औरंगाबादपर्यंत मधूनमधून आपल्याशीच हसत होत्या.

तानुबाई बाजेवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. धुरपताबाई दारात उभ्या.

"भाईर काहून हुबी? ये की आत."

या आत गेल्या. पिशवीतून पुडकं काढलं आणि सर, त्यांचा हात सवयीनं वर गेला. खांद्याच्या वर. तानुबाई बघत राहिल्या, हात गुडघ्यावर तसेच. मग तो हात हळूच खाली आला, या बाजेशी वाकल्या आणि तानुबाईंनी दोन्ही हात पुढं केले. बोटं बोटांना लागली. तानुबाईंनी पुडकं हातात जोखलं आणि म्हणाल्या, "लय लिवलंस गं."

सुनेनं चहा आणला. धुरपताबाईंनी घेतला. मग तानुबाई म्हणाल्या, "वाच."

दुपार कलेपर्यंत वाचन चाललं. तानुबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मधे मधे "असं न्हाई, तसं" म्हणत होत्या, एकदा तर स्वतःच्या बोलण्यावर पोट धरून हसल्या. मी एका कोपऱ्यात बसून विचार करत होते, हे दोघींनी मिळून लिहिलंय आणि आपण एकाच माणसाला शोधत होतो. मग ती सांज आली. या वाचत होत्या, आवाज सपाट झाला होता. "घरातल्या एका माणसानं राकेलचा डबा उचलला आणि तो मागच्या दारानं गेला."

"थांब," तानुबाईंनी डोळे उघडले. "कोन एक मानूस?"

यांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

"तू माडीवर व्हतीस. म्या दारात व्हते. दोघींनी बघितलं. मंग एक मानूस काहून?"

सर, त्याच वेळी मला कळलं. त्या माणसाच्या हातचा चहा मी दोनदा प्यायले आहे.

धुरपताबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तानुबाईंनी घाई केली नाही, त्यांना समजावलंही नाही. बाहेर पोरं टायर पळवत होती. शेवटी यांनी माझ्याकडं हात केला, "पेन्सिल हाय का?" मी दिली. त्यांनी तीन शब्द खोडले आणि वर लिहिलं.

"आता वाच," तानुबाई म्हणाल्या.

"माझ्या थोरल्या लेकानं राकेलचा डबा उचलला."

त्या रडल्या नाहीत. रडले ती मी. तानुबाई थोड्या वेळानं म्हणाल्या, "पुढं." आणि या पुढं वाचू लागल्या.

तुम्ही विचारलं होतं, गप्प का? हे उत्तर. मी पहिल्यांदा कळवलेलं उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. टपाल तुटलं होतं हे खरं, आणि हे तीन शब्द निघत नव्हते हेही खरं. तुमचा प्रश्न रास्त होता, सर. मला भेकड हा शब्द अजून पटत नाही, पण प्रश्न रास्त होता.

आता ते वाक्य छापलं की ध. पेडगावकर हा गृहस्थ राहत नाही. माडीवर कोंडलेली, 'माझा लेक' म्हणणारी ती आई आहे, हे वाचणाऱ्याला कळणारच. घरालाही कळेल. मी त्यांना विचारलं, परत कशा जाणार त्या घरात? म्हणाल्या, "आधी छापून येऊ द्या. मंग बघते त्यो मला काय म्हनतो ते. मलाबी बघायचंय." परतताना आम्ही दोघी पेडगावला उतरलो. सगुणाबाईंनी त्यांना ओळखलं. सध्या त्या तिथंच आहेत.

पुडकं तानुबाईंकडं आहे. पोस्टात त्याच टाकणार, आजवर त्यांनीच टाकलंय म्हणतात. पत्ता लिहायला त्यांना तुम्ही हवे आहात. रविवारी जा. पाकिटावर आजपर्यंत पाठवणाऱ्याचं नाव कधी नव्हतं, या वेळी घालायचं आहे. काय घालायचं ते दोघींनी ठरवलंय. एक नाव नाही, दोन आहेत, तेव्हा जरा मोठं पाकीट न्या.

तुमची,
कोकिळा